रेसरच्या पाठीवर पिशव्या

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक सीन हमखास दिसतो. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये तोऱ्यात फिरणारी चकाचक स्पोर्ट बाइक आणि तिच्या उंच, निमुळत्या शेपटीवर सॅक बांधू पाहणारा तिचा मालक. डावीकडून आवळली की सॅक उजवीकडे घसरते. शेवटी वॉचमनकाका सुतळी आणून देतात. आर १५ असो नाहीतर आरसी २००, ही बाइक घेताना लांबच्या प्रवासाचा विचार कुणी केलेला नसतो. पण गाव असतं, दिवाळी असते, मित्राचं कोकणातलं लग्न असतं. वर्षातून पाच-सहा वेळा तरी तिला लांब पळावं लागतंच.

त्यासाठी वेगळी टूरिंग बाइक? आधीच्या बाइकचे हप्ते अजून फिटायचेत! मग आहे तिलाच सजवायची. आणि इथंच आपण माती खातो. मी खाल्ली आहे, म्हणून सांगतोय.

माझं गाव मुरगूड. कागल तालुका, वेदगंगेचा काठ, चारी बाजूंना ऊस. पुण्याहून साधारण पावणेतीनशे किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम जोरात असताना, पहिल्यांदा बाइकनं निघालो. तयारी एकदम जंगी. दोन्ही बाजूंना सॅडलबॅग, मागच्या सीटवर टेलबॅग, तिच्यावर आईसाठी घेतलेला मिक्सर. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, लाइक्स मोजत निघालो.

साताऱ्यापर्यंत सॉलिड मजा. कराड येईस्तोवर मनगटं बधिर. कोल्हापूरच्या अलीकडं जळका वास आला म्हणून थांबलो, तर उजवीकडची बॅग सायलेन्सरला टेकून वितळलेली. मनाशी म्हटलं, आता राहिलंच किती! कागलला महामार्ग सोडला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. सिद्धनेर्लीच्या पुढं गेल्यावर जाणवलं की माझ्या हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडतच नाहीये. तो पडतोय उसाच्या तुऱ्यांवर. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिप्पर मारून मला शिव्या घालत होता, आणि मी तर डिप्परवरच होतो.

तेवढ्यात अंधारातून एक ट्रॉली उगवली. रस्त्यातच उभी. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, एबीएसनं इमान राखलं. थांबलो तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं माझ्या हेल्मेटपासून हातभर लांब होती. त्यानंतर कितीतरी वेळ मला साइड स्टँड सापडेना. पाय थरथरत होते.

घरी पोचलो. आई मिक्सर बघायला धावली. आबांनी मात्र बाइककडं बघून पहिलाच प्रश्न टाकला, ‘दिवा आभाळाकडं का बघतोय रं?’

शेपटीवर ओझं, तोंड वर

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. मला वाटलं, दिव्याचं वायरिंग गेलं असणार. त्यांनी बॅगा उचलून बघितल्या आणि हसले. ‘शेपटीवर एवढं ओझं टाकल्यावर तोंड वर व्हणारच की!’

सगळा फंडा या एका वाक्यात आहे. स्पोर्ट बाइकची मागची सीट उंच असते आणि मागच्या चाकाच्या वर किंवा त्याच्याही मागं असते. तिथं पंधरा-वीस किलो ठेवले की मागचा शॉकअप दबतो, पुढची बाजू हलकी होते आणि दिवा वर उचलला जातो. दिव्याचा कोन एका अंशानं बदलला तरी पन्नास मीटरवर उजेड जवळपास ८५ सेंटिमीटर वर सरकतो. म्हणजे जवळचा रस्ता काळा आणि समोरच्याचे डोळे दिपलेले. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत चालूच राहतो. तो बंद करायची सोय नाही, त्यामुळं चुकीच्या कोनातला दिवा अख्खा प्रवासभर चुकीचाच राहतो. पुढचं चाक हलकं झाल्यावर वळणावर हँडल तरंगल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

इलाज? मिस्त्रींनी पान्ह्यानं मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन घरं आवळली आणि हेडलाइटमागचा स्क्रू थोडा फिरवला. खर्च एक चहा. हेच काम तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू शकता. सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर बाइक उभी करा. सामान न लावता वर बसा आणि मित्राला डिप्परच्या उजेडाची वरची कड खडूनं आखायला सांगा. मग सगळं सामान बांधून परत बसा. कड किती वर गेली ते कळेल. आधी स्प्रिंग आवळा, उरलेला फरक स्क्रूनं काढा, आणि कड पुन्हा खडूच्या रेषेवर आणा. परत आल्यावर दोन्ही पूर्ववत करायला विसरू नका. काही बाइकच्या शॉकअपला ही सोयच नसते. तिथं सरळ सामान कमी करायचं, दुसरा उपाय नाही.

काढता येईल तेच लावा

दिव्याचा धडा मिळाल्यावर मी सगळ्याच खरेदीकडं नव्यानं बघितलं. बाइक वर्षातले साडेतीनशे दिवस शहरात आणि पंधरा दिवस टूरवर असेल, तर जे लावायचं ते दहा मिनिटांत निघालं पाहिजे. कोल्हापूरकडं फाउंड्री आणि फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही. कुणीही मस्त लोखंडी कॅरियर करून देईल. पण सीटखालच्या फ्रेमला वेल्डिंग करू देऊ नका. कंपनीच्या बोल्टच्या जागा वापरून बसणारं असेल तरच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे. आणि विमा कंपनीला क्लेमच्या वेळी असल्या गोष्टी बरोब्बर दिसतात!

बॅगांचं म्हणाल तर टेलबॅग एकच आणि लहान. पट्टे फ्रेमला किंवा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला अडकवा, इंडिकेटरला किंवा सायलेन्सरला कधीच नाही. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गाठ मारून आत खोचा. ती चेनमध्ये गेली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. रबरी आकड्यांच्या दोरीपेक्षा चपटे पट्टे बरे, कारण ते ताणले जात नाहीत. सॅडलबॅग लावायच्याच असतील तर सायलेन्सर कुठं आहे ते आधी बघा. वर वळलेला असेल तर बॅग वितळणार, हे मी स्वखर्चानं सिद्ध केलंय.

जड सामान टँकबॅगेत टाका, म्हणजे वजन मधोमध येतं. पण दुकानात चुंबकवाली टँकबॅग उचलण्याआधी टाकीवर साधं चुंबक लावून बघा. बऱ्याच स्पोर्ट बाइकच्या टाकीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, तिथं चुंबक चिकटतच नाही. बॅग लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बॅगेमुळं हॉर्न दाबला जायला नको.

मनगटाचं दुखणं, मांडीचा इलाज

या बाइकवर आपण पुढं झुकलेले असतो. वेगात असताना समोरचा वारा छातीला थोडा आधार देतो, पण कमी वेगात सगळा भार मनगटांवर येतो. हँडल उंच करायची किट मिळतात, मात्र क्लच वायर आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, याची खात्री हवी. त्याआधी स्वस्तातला उपाय करून बघा. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवा, मांड्यांनी टाकी घट्ट धरा आणि कोपरं सैल सोडा. भार पोट आणि मांड्यांकडं जातो. दर ८०-१०० किलोमीटरला उतरून पाच मिनिटं चाला. पेट्रोलची टाकी छोटी असते, म्हणून अर्धी झाली की भरा. थांबायला कारणही मिळतं.

निघण्याआधी

- टायरची हवा, थंड टायरमध्ये. सामानासहचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेनजवळच्या स्टिकरवर असतो.
- ट्यूबलेस पंक्चर किट आणि छोटा पंप. किट एकदा घरी वापरून बघा.
- चेनचा ढिलेपणा सामान चढवण्याआधी, मॅन्युअलप्रमाणे. ओ-रिंगवाली चेन पेट्रोलनं धुऊ नका.
- मोबाइल चार्जर फ्यूजसकट. मूळ वायर कापून जोडणी नको.
- आयएसआय हेल्मेट, ग्लोव्ह्ज, जॅकेट, गुडघ्यांचे पॅड. पैसे आधी इथं, मग बॅगांवर.
- सामानासकट पन्नास किलोमीटरची एक ट्रायल, आणि तीही उजेडात.

आता मी मुरगूडला निघतो तो पहाटे, म्हणजे दुपारच्या जेवणाला घरी. पुढं कोकणात उतरायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट. तो रस्ता अंधारात करायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. दाजीपूरच्या जंगलात गवे आहेत, आणि गव्याला रिफ्लेक्टर नसतो.

ट्रॉलीला मात्र असायला हवा. नियमानं तो लागतोच. त्या दिवशी मिस्त्रींकडून परत आल्यावर मी अंगणात उभ्या असलेल्या आमच्या ट्रॉलीच्या मागं गेलो. आबांची ट्रॉली, हंगामात ऊस वाहणारी. मागचा एक रिफ्लेक्टर फुटलेला, दुसरा चिखलानं माखलेला. आदल्या रात्री ज्याला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या होत्या, तो ट्रॉलीवाला आमच्याच घरातलाही असू शकला असता.

बाजारात जाऊन लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल आणला. मी चिकटवत होतो आणि आबा बाजूला उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारच्यांचा ट्रॅक्टर दारात येऊन थांबला, तेव्हा आबांनीच हाक मारली, ‘टेप उरलीय का रं? हेच्या ट्रॉलीलाबी लाव.’

बाइकसाठी म्हणून केलेल्या सगळ्या खरेदीत मला सगळ्यात वसूल वाटलेली वस्तू हीच. माझ्या बाइकवर ती इंचभरही नाही.