शिवी कुणाच्या नावाने?



सुलतानपुरात 'काय वं माय' म्हटलं की जिव्हाळा. पुण्याच्या कानाला तोच उद्धटपणा वाटतो. आपली वऱ्हाडी रांगडी आहे, असभ्य नाही. पण या रांगडेपणाच्या आड आई-बहिणीवरच्या शिव्या लपवता येणार नाहीत. 'आमच्याकडे असंच बोलतात' ही सबब पुरे झाली. भांडण दोन पुरुषांचं, अब्रू मात्र तिथे नसलेल्या बाईची निघते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने अशा शिवीला ५०० रुपये दंड ठरवला. दंडाने जीभ लगेच वळणार नाही. पण शिवी हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे, हे तिथे मान्य झालं. आपल्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार? आपणच.