पाटील हें नांव कोणाच्या मालकीचें?

जून महिन्यांत दाखलखारीज रजिस्टर उघडलें म्हणजे गांवाच्या मनांत काय चाललें आहे, तें आम्हां शाळामास्तरांस चांगलें कळतें. यंदा एक कुंभारतात्या नातवाचें नांव घालावयास आले. आडनांव पिढ्यान्‌पिढ्या 'कुंभार'. पण तात्या हळूच म्हणाले, "गुरुजी, पोराच्या नांवापुढें पाटील लिहा. कुंभार म्हटलें कीं पोरें चिडवितात." आम्हीं लेखणी खालीं ठेविली. त्यांस जें सांगितलें, तेंच वाचकांसही सांगतों.

पाटील ही जात नव्हे, कुळही नव्हे. तें एका कामाचें नांव. जुन्या कोरीव लेखांत 'पट्टकील' असा शब्द येतो, त्यापासून तें झालें असें जाणते सांगतात. गुजराथेंतील पटेल त्याच घरचा. सारा गोळा करावा, पडीत जमीन लागवडीस आणावी, गांवचा तंटा मिटवावा, हें पाटलाचें काम. हाताखालीं चौगुला, हिशेबास कुलकर्णी. त्याबद्दल वतन आणि मानपान मिळे. कुळाचें आडनांव बहुधा निराळेंच असे. क्रांतिसिंह नाना पाटलांचें मूळ आडनांव पिसाळ. 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील हे जन्मानें कृष्णराव भालेकरांचे पुत्र; तरवडीच्या पाटलांकडे दत्तक गेले, म्हणून पाटील झाले.

हें काम ज्या ज्या जातीच्या हातीं होतें, त्या त्या जातींत पाटील झाले. मराठे, कुणबी, लेवा, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, मुसलमान, सर्वांत पाटील आहेत. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव जैन. नवी मुंबईच्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठीं लढलेले दि. बा. पाटील आगरी, कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरेंद्र पाटील लिंगायत. वतन एका घराचें, पण भाऊबंदही तेंच नांव लावूं लागले, आणि आळीच्या आळी पाटलांची झाली. पुढें १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाची जागा रद्द झाली. आजचा पोलीस पाटील नेमणुकीनें होतो, जन्मानें नव्हे. काम गेलें, नांव तेवढें राहिलें.

मग कुंभार म्हणजे तरी काय? तेंही कामाचेंच नांव. एक चावडीवर बसे, दुसरा चाकापाशीं. पाटलाच्या घरचें पाणीही कुंभाराच्याच माठांत थंड होई. दोन्ही नांवें श्रमाच्या पोटीं जन्मलीं. त्यांत एक उंच आणि एक नीच कोणीं ठरविलें?

जोतीराव फुल्यांचेंच पाहा. त्यांचें घराणें मूळचें कटगुणचें, आडनांव गोऱ्हे, आणि गांवांत चौगुल्याचें काम, म्हणजे पाटलाच्या खालोखालचा मान. पुण्यास येऊन घरानें फुलांचा धंदा केला, आणि लोक त्यांस फुले म्हणूं लागले. तें धंद्याचें नांव त्या घरानें टाकिलें नाहीं. आज गोऱ्हे हें नांव पुष्कळांस ठाऊकही नाहीं. फुले हें नांव मात्र साऱ्या देशास ठाऊक आहे. नांवानें माणूस मोठा होत नसतो; माणसानें नांव मोठें होतें.

कोणी म्हणेल, "गुरुजी, चिडविलें जातें तें तुमचें पोर नव्हे." बोलणें खरें आहे. राजपत्रांत प्रसिद्ध करून नांव बदलण्याचा हक्क कायद्यानें प्रत्येकास आहे, आणि जो बदलील त्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण उद्यां सारे कुंभार, लोहार, सुतार, न्हावी पाटील झाले, तरी चिडविणारा नवें निमित्त शोधील. रोग चिडविणाऱ्याच्या घरीं आहे. औषध चिडविलेल्यानें कां घ्यावें? म्हणून पाटील आडनांवाच्या आमच्या शेतकरी बांधवांस आमचें सांगणें आहे कीं, आज रात्रीं जेवतांना आपल्या पोरांस विचारा, "आपल्यास पाटील कां म्हणतात?" उत्तर न आलें तर तें तुम्ही सांगा, आणि शेजारच्या सुताराच्या पोरास सुतार कां म्हणतात, तेंही त्याबरोबर सांगा.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिहा कुंभारच. पण चिडविणाऱ्यास तुम्ही आवरायचें." आम्हीं तें कबूल केलें आहे. शाळेंत आम्ही आवरूं. शाळेबाहेरचें काम, वाचकहो, तुमच्याकडे.