मनकवड्यांना विचारायचे दोन प्रश्न

इटलीतील तुरीन शहरात जुलै २०२५ मध्ये झालेल्या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत सुहानी शाह यांना ऑनलाइन जादूसाठीचा ‘बेस्ट मॅजिक क्रिएटर’ हा किताब मिळाला. भारतीय कलावंताकडे हा बहुमान प्रथमच आला. वयाच्या सातव्या वर्षी, १९९७ मध्ये, अहमदाबादेत पहिला प्रयोग करणाऱ्या शाह यांची आजची ओळख आहे ती मुख्यत्वे ‘मेंटलिझम’ या प्रकारामुळे. समोरच्याने मनात धरलेले नाव, आकडा किंवा जुनी आठवण ओळखून दाखविण्याचा हा खेळ. मराठीत अशा माणसासाठी ‘मनकवडा’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. मात्र तो रंगमंचावर उभा राहिला, की त्याच्यापुढे एक प्रश्न हटकून येतो. हे तुम्हाला कळले कसे?

हा प्रश्न वरवर एकच वाटला तरी त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. पत्ता गायब करणाऱ्या जादूगाराने हातचलाखी केली, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका नसते. ती कशी केली, एवढेच त्याला उमगलेले नसते. मनकवड्याच्या बाबतीत मात्र ही चलाखी की खरोखरीची शक्ती, येथूनच संभ्रमाला सुरुवात होते. ‘युक्ती कोणती?’ हा पहिला प्रश्न, तर ‘ही युक्तीच आहे ना?’ हा दुसरा. या दोहोंना कलावंत काय उत्तर देतो, यावरून त्याची कला आणि लबाडी यांच्यातील सीमारेषा ठरते.

पहिल्या प्रश्नाला नकार देण्याचा कलावंताचा अधिकार सर्वमान्य आहे. लंडनमध्ये १९०५ साली स्थापन झालेल्या ‘मॅजिक सर्कल’ या संस्थेचे ब्रीदवाक्यच रहस्य न फोडण्याचे आहे. त्यामागे व्यवहारही आहे. जादूच्या प्रयोगाच्या सादरीकरणाला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकते, परंतु त्यामागच्या कल्पनेला वा पद्धतीला ते मिळत नाही. गुप्तता हेच या व्यवसायाचे कुलूप. शिवाय बहुतेक रहस्ये उघड झाल्यावर अगदीच किरकोळ ठरतात. आधीच मिळवलेली माहिती, नकळत लादलेली निवड, डोळ्यांआड पाहिलेली चिठ्ठी अशा साध्या गोष्टींवर मोठे चमत्कार उभे असतात. ते कळल्यावर प्रेक्षकाच्या पदरी ज्ञानापेक्षा निराशाच अधिक पडते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र या व्यवसायाचा इतिहास फारसा सरळ नाही. सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन या ऑस्ट्रेलियन दाम्पत्याने १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर विचारसंक्रमणाचे प्रयोग करून ब्रिटनला वेड लावले. हे खरे की खेळ, याचा निवाडा त्यांनी श्रोत्यांवरच सोपवला होता. अमेरिकेत १९४३ पासून रेडिओ गाजविणारे जोसेफ डनिंजर यांनी वेगळी वाट काढली. आपण प्रेक्षकांत साथीदार पेरतो, असे सिद्ध करणाऱ्यास त्यांनी दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर केले. आव्हान मोठे खणखणीत होते. पण त्यात केवळ एका पद्धतीचा इन्कार होता. उरलेल्या पद्धतींविषयी कोणी विचारू नये, याची सोयही त्यातच झाली.

ही संदिग्धता कोठपर्यंत जाऊ शकते, हे युरी गेलर यांच्या उदाहरणावरून दिसते. मनोबलाने चमचे वाकविण्याचा दावा करणारे गेलर १ ऑगस्ट १९७३ रोजी अमेरिकेतील ‘टुनाइट शो’मध्ये आले. सूत्रसंचालक जॉनी कार्सन स्वतः पूर्वाश्रमीचे जादूगार होते. त्यांनी जादूगार जेम्स रँडी यांच्या सल्ल्याने प्रयोगाच्या वस्तूंना कोणाचा हात लागणार नाही, अशी व्यवस्था केली. गेलर यांना त्या दिवशी काहीच साधले नाही. आज शक्ती जाणवत नाही, असे कारण त्यांनी पुढे केले.

त्याच रँडींनी पुढे घडविलेला ‘प्रोजेक्ट अल्फा’ हा प्रकार या विषयात अधिक बोलका ठरावा. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९७९ मध्ये पाच लाख डॉलरच्या देणगीतून अतींद्रिय शक्तींच्या संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. रँडींनी तेथे स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स हे दोन तरुण जादूगार ‘शक्तिधारी’ म्हणून धाडले. त्यांना अट एकच होती. तुम्ही युक्ती करता का, असे कोणी थेट विचारल्यास तत्क्षणी खरे सांगायचे. प्रयोग सुमारे तीन वर्षे चालले; हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नाही. अखेर १९८३ मध्ये पत्रकार परिषद घेऊन रँडींनीच सारे उघड केले. यातील शॉ पुढे ‘बनाचेक’ या नावाने आघाडीचे मेंटलिस्ट झाले. उपकरणे सज्ज होती, पण साधा प्रश्न विचारण्याचे कोणालाही सुचले नाही, हा त्या प्रकरणाचा धडा होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारण्याची परंपरा आहे आणि तिने मोठी किंमतही मोजली आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी ‘चमत्कार’ करून दाखवितात आणि लगेच त्यामागचे कारणही सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसा मिळविणे आणि त्यांच्या प्रसारातून लोकांना फसविणे हे या कायद्याच्या अनुसूचीत आहे. रंगमंचावरचा मनकवडाही तिकीट लावतो आणि पैसे घेतो. परंतु हा खेळ आहे, असे त्याने सांगितले की चमत्काराचा दावाच उरत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात याची कसोटी लागली. मध्य प्रदेशातील बागेश्वर धामचे धीरेंद्र कृष्ण शास्त्री हे समोरच्या भक्ताची समस्या त्याने सांगण्याआधीच कागदावर लिहितात आणि त्याचे श्रेय बालाजीच्या कृपेला देतात. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी नियंत्रित परिस्थितीत हे करून दाखविल्यास तीस लाख रुपये देण्याचे आव्हान दिले. शास्त्रींनी रायपूरच्या दरबारात येण्याचे प्रतिआव्हान दिले. मानव यांच्या तक्रारीनंतर नागपूर पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि त्यात अंधश्रद्धा पसरविणारे काही आढळले नसल्याचे कळविले. कायदेशीर बाजू तेथे थांबली. मात्र याच सुमारास सुहानी शाह यांनी वृत्तवाहिन्यांवर निवेदकांच्या मनातील गोष्टी ओळखून दाखविल्या आणि ही कला आहे, चमत्कार नव्हे, असे स्पष्ट सांगितले. पद्धत त्यांनी उघड केली नाही. पहिल्या प्रश्नाला नकार आणि दुसऱ्याला निःसंदिग्ध उत्तर, असा हा आदर्श नमुना म्हणता येईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लपविले तर काय होते, हे अमेरिकेतील एका प्रकरणाने दाखविले. क्लीव्हलँड शहरातून २००३ मध्ये एक तरुणी बेपत्ता झाली. अतींद्रिय ज्ञानाचा दावा करणाऱ्या सिल्व्हिया ब्राऊन यांनी पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवर तिच्या आईला मुलगी जिवंत नसल्याचे सांगितले. आई २००६ मध्ये वारली. मुलगी मे २०१३ मध्ये कैदेतून निसटून जिवंत बाहेर आली. प्रयोग संपल्यावर हरवलेल्या वा गेलेल्या माणसाविषयी विचारणारा एखादा प्रेक्षक कोणत्याही मनकवड्याच्या वाट्याला येऊ शकतो. त्याला ‘हे मला येत नाही, मी खेळ करतो’ असे सांगणे ही या व्यवसायाची खरी कसोटी होय.

शहरी, सुशिक्षित प्रेक्षकापुढचा धोका मात्र निराळा आहे. तो बाबाला हसतो; परंतु ‘मी तुमची देहबोली वाचली’ हे उत्तर मुकाट्याने स्वीकारतो. ब्रिटनचे डेरेन ब्राऊन आपल्या खेळात जादू, सूचन, मानसशास्त्र, दिशाभूल आणि सादरीकरण यांचे मिश्रण असल्याचे सांगत आले. त्यातील मानसशास्त्राचा भाग फुगवून सांगितला जातो, अशी टीका विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००३ मध्येच केली होती. ब्राऊन यांनी ९ सप्टेंबर २००९ रोजी लॉटरीचे सहा आकडे ‘ओळखले’ आणि दोन दिवसांनी चोवीस जणांच्या अंदाजांची सरासरी काढून ते मिळविल्याचे स्पष्टीकरण दिले. लॉटरीच्या यदृच्छ आकड्यांबाबत अशी सरासरी निरुपयोगी असते, हे गणित जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. येथे स्पष्टीकरणही खेळाचाच भाग होते.

रंगमंचावर हे क्षम्य ठरते. प्रेक्षक ते खरे मानून घरी गेला, की अडचण सुरू होते. माणसाच्या बोलण्या-वागण्यावरून खोटे ओळखण्याची क्षमता किती, याचा बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांवरून घेतलेला आढावा सरासरी ५४ टक्के एवढाच आकडा देतो. नाणे उडवूनही पन्नास टक्के साधतातच. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एकच स्वभाववर्णन वाटले आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. चेहरा पाहून उमेदवार निवडणारा अधिकारी वा आरोपीची नजर पाहून निष्कर्ष काढणारा तपासनीस या भ्रमावर विसंबला, तर त्याची झळ तिसऱ्यालाच बसते.

त्यामुळे मनकवड्याने किती सांगावे, याचे उत्तर तितकेसे अवघड नाही. युक्ती सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ती शक्ती आहे असे त्याने भासवू नये आणि शास्त्र आहे असेही रंगवू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला चकित होण्याचा आनंद मिळावा. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र त्याने प्रवेशद्वाराशी ठेवून येता कामा नये.