कामाचा पूर्ण दाम

हिंजवडीतील एखाद्या कंपनीत मुलाला संगणक साहाय्य विभागात नोकरी लागली की नातलगांचा पहिला प्रश्न असतो, ‘पॅकेज किती?’ तो पगार रास्त आहे की नाही, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा धरलेला असतो, बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. हाती पडणारी रक्कम निराळीच. शिवाय अमेरिकेतील ग्राहकाच्या दिवसासाठी येथील तरुण रात्र जागवतो. त्या जागरणाचे आणि घरातील हुकलेल्या सणाचे मोल कोणत्या रकान्यात मांडलेले असते?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनात धरावा लागतो. जादा कामास किमान दुप्पट दर आहे. परंतु कामाचे तास जेथे नोंदलेच जात नाहीत, तेथे हा दर कशाला लावणार?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने देशहिताचे काम आणि कामाचा पूर्ण दाम यांची सांगड घातली. संगणकापुढे बसणारा तरुणही श्रमिकच आहे. गळ्यातील ओळखपत्राने ते सत्य बदलत नाही. म्हणून पालकांनी पॅकेजबरोबर कामाचे तासही विचारावेत, तरुणांनी ते लिहून ठेवावेत आणि उद्योजकांनी त्यांचा दाम चुकता करावा. परकीय चलन देशाला हवेच आहे. परंतु त्यासाठी घरातील तरुण पिढीचे आरोग्य गहाण पडता कामा नये.