गुदमार्गाने रक्त जाणे म्हणजे अर्शच काय?

ज्वराचा रुग्ण "ताप येतो" असे लक्षण सांगतो. गुदमार्गाने रक्त जाऊ लागलेला रुग्ण मात्र लक्षण सांगत नाही. तो थेट निदान सांगतो. "मूळव्याध झाली आहे, काहीतरी चांगले द्या." सर्व वैद्यबंधु-भगिनींना आणि औषधालयांच्या चालकांना हे वाक्य परिचयाचे आहे. मराठी लोकव्यवहारात मूळव्याध हा शब्द इतका विस्तारला आहे की अर्श, परिकर्तिका, भगंदर, गुदभ्रंश आणि क्वचित गुदाशयातील अर्बुद, हे सारे त्याच्या पोटात सामावते. रुग्णाने तो सैलपणे वापरला तर त्यास दोष देता येणार नाही. आपण तोच शब्द उचलून केसपेपरवर लिहावा आणि त्यावर औषध द्यावे, याविषयी मात्र आम्हांस काही स्पष्टपणे लिहावयाचे आहे.

आमचे मत असे की, गुदमार्गाने रक्त जाते अशी तक्रार घेऊन आलेल्या एकाही रुग्णास गुदपरीक्षणावाचून अर्शोघ्न औषध देऊ नये. मत कठोर वाटेल. परंतु ते आमचे नाही, शास्त्राचेच आहे. सुश्रुताचार्यांनी अर्शचिकित्सेच्या अध्यायात अर्शोयंत्राचे वर्णन किती बारकाईने केले आहे, ते पुन्हा एकदा उघडून पाहावे. गोस्तनाकार, चार अंगुळे लांबीचे, स्त्री व पुरुष यांच्यासाठी वेगवेगळ्या परिघाचे. त्यास दोन छिद्रे, एक पाहण्यासाठी आणि एक कर्मासाठी. हाती प्रॉक्टोस्कोप घेतला म्हणजे आपण परक्या शास्त्राच्या आहारी गेलो असे मानणाऱ्या काही मित्रांना आम्ही एवढेच विचारतो, की मग सुश्रुतांनी पाहण्यासाठी वेगळे छिद्र कशासाठी सांगितले? दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी आज अर्शाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी फक्त प्रश्न उरला आहे, आणि तोही "किती दिवसांपासून?" एवढ्यावर थांबतो.

हा आग्रह केवळ शास्त्रशुद्धतेसाठी नाही. गुदाशयाच्या खालच्या भागातील अर्बुद पुष्कळदा तपासणाऱ्याच्या बोटास लागते. बोट सुमारे सात-आठ सेंटिमीटर आत पोहोचते. तेथे कठीण, ओबडधोबड कडांची, सहज रक्त येणारी गाठ लागली तर एका मिनिटात रुग्णाच्या आयुष्याची दिशा ठरू शकते. याउलट साधे अंतर्गत अर्श मऊ असल्याने बोटास बहुधा लागतच नाहीत, ते यंत्रातून पाहावे लागतात. म्हणजे ज्या परीक्षेने अर्श समजत नाही म्हणून आपण ती टाळतो, तीच परीक्षा अर्बुदासाठी सर्वांत मोलाची आहे.

रक्ताच्या रंगावरून किंवा प्रकारावरून निर्णय करता येतो, हा समजही सोडावा. शौचानंतर थेंब थेंब लाल रक्त पडणे हे अर्शाकडे बोट दाखवते, मळात मिसळलेले रक्त आणि चिकट आव अधिक चिंतेचे, हे खरे. पण गुदाशयातील अर्बुदाचे रक्तही लालच असते, आणि एकाच रुग्णात अर्श व अर्बुद दोन्ही असू शकतात. अर्श डोळ्यांनी दिसला म्हणून शोध संपत नाही. शौचाची सवय अलीकडे बदललेली असणे, वारंवार जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना, रात्री शौचासाठी उठावे लागणे, वजन घटणे, रक्ताच्या नात्यात कोणास आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी एक गोष्ट जरी आढळली तरी कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या रुग्णास प्रथमच रक्त जाऊ लागले असेल तर यांतील काहीही नसले तरी पाठवावे. वय कमी म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही, कारण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या रोगाचे प्रमाण कमी असले तरी रुग्णांत तरुणांचा वाटा लक्षणीय आहे.

येथे औषधाच्या यशाचा एक विलक्षण धोका आहे. अर्बुदातून होणारा रक्तस्राव सतत नसतो. तो आपोआप थांबतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. त्या मधल्या काळात नागकेशर किंवा कुटजाचा कल्प चालू असेल तर गुण आला असे रुग्णास वाटते, आणि खरे सांगायचे तर वैद्यासही वाटते. पुन्हा रक्त गेले की रुग्ण तेच औषध विकत घेतो. अशा दोन-तीन फेऱ्यांत वर्ष निघून जाते. पॉलिपचे कर्करोगात रूपांतर होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात, म्हणजे निसर्गाने आपल्याला पुष्कळ अवधी दिलेला असतो. तो आपण असा खर्च करतो. पांडुतेचेही तसेच. उतारवयातील पुरुषास लोहाच्या कमतरतेने पांडुता आली असेल तर नवायस किंवा मंडूर देण्यापूर्वी रक्त कोठून जाते याचा शोध घेतला पाहिजे. लोहकल्प सुरू केल्यावर मळ काळा होतो आणि मग वरच्या आतड्यांतून येणारे काळे, डांबरासारखे रक्त ओळखणे आणखी अवघड होते.

आता रुग्ण नेहमी विचारतात त्या प्रश्नांकडे वळू. "मूळव्याधीचा कॅन्सर होतो का?" नाही, होत नाही, आणि ही दिलासा देणारी गोष्ट आपण ठामपणे सांगावी. मात्र त्यासोबत हेही सांगावे, की मूळव्याध समजलेली गोष्ट मुळात मूळव्याधच आहे याची खात्री करून घेतली पाहिजे. "आतड्यातला पॉलिप औषधाने विरघळेल का?" हा प्रश्न हल्ली वाढला आहे, आणि त्यावर कांचनार गुग्गुळ सरसकट दिला जातो. ग्रंथी, अपची, अर्बुद, गलगंड यांच्या संदर्भात या कल्पाचे स्थान सर्वांस ठाऊक आहे. परंतु चरबीची गाठ, थायरॉइडची गाठ, गर्भाशयातील फायब्रॉइड आणि आतड्यातील पॉलिप या चार भिन्न वस्तूंना 'गाठ' या एका शब्दाखाली आणून एकच औषध देणे हा निदानाचा आळस आहे. पॉलिप कोलोनोस्कोपीच्या वेळीच काढता येतो आणि त्याची सूक्ष्म तपासणी करता येते. तो काढून टाकल्याने पुढचा कर्करोग टळू शकतो. इतका सोपा मार्ग असताना औषधाचा प्रयोग करीत बसणे आम्हांस मान्य नाही.

गुल्म म्हणजे पोटातील ट्यूमर, असेही काही लेखांतून वाचावयास मिळते. सुश्रुतांनी गुल्मास निबंध म्हणजे मूळ नाही असे म्हटले आहे, तर अर्बुद स्थिर, मोठे, सावकाश वाढणारे, खोल मुळाचे आणि न पिकणारे असे वर्णिले आहे. दोघांतील हा भेद आचार्यांनी जाणूनबुजून केला आहे. मांसार्बुद व रक्तार्बुद त्यांनी असाध्य गणले, हेही विसरू नये. असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, हे चरकसंहितेतील सांगणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आहे. आज शस्त्रकर्म व अन्य उपचारांमुळे साध्यासाध्यतेच्या सीमा बदलल्या आहेत. प्रारंभीच्या अवस्थेत सापडलेले आतड्याचे अर्बुद बरे होऊ शकते. ते असाध्य होते उशिरामुळे.

औषधालयांच्या चालकांशी स्वतंत्रपणे थोडे बोलावयाचे आहे. आपण वैद्य नाही, आणि तपासणी करावी अशी अपेक्षाही नाही. पण एकच ग्राहक तिसऱ्यांदा तेच अर्शोघ्न औषध मागत असेल तर आपल्या गल्ल्याइतके ते कोणालाच कळत नाही. त्या तिसऱ्या वेळी "तपासून घेतले का?" एवढे विचारावे. दंती, लांगली, स्नुही, भल्लातक अशी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती केवळ शोभेसाठी नाही. तसेच १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत कर्करोग, ट्यूमर आणि पचनमार्गातील व्रण यांचा समावेश आहे, हे दुकानात फलक लावताना ध्यानात ठेवावे. गाठ विरघळविण्याची हमी देणारे फलक आजही दिसतात, म्हणून हे लिहावे लागते.

स्त्रिया तपासणीस तयार होत नाहीत, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. लाज खरी असते, आणि ग्रामीण भागातील छोट्या चिकित्सालयात पडदाही नसतो. पण पडदा लावता येतो, सोबत परिचारिका अथवा नात्यातील स्त्री ठेवता येते, आणि ते नच जमले तर वैद्य भगिनीकडे पाठविता येते. रुग्ण हातचा जाईल ही भीती मात्र आम्हांस गौण वाटते. अनुभव असा की वेळीच पाठविलेला रुग्ण परत येतो. शस्त्रकर्मानंतर अग्नी मंदावलेला असतो, मलप्रवृत्ती अनियमित झालेली असते, आणि तेथे आपले शास्त्र पुष्कळ उपयोगी पडते.

केंद्र शासनाने २०१६ साली कर्करोगाच्या सार्वत्रिक तपासणीसाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच अवयव आहेत. मोठे आतडे त्यात नाही. म्हणजे गुदाशयातील अर्बुद लवकर सापडण्याचे ठिकाण बहुधा तपासणी शिबिर नसून आपले टेबल हेच आहे. तेव्हा प्रत्येक चिकित्सालयात हातमोजे, वंगणासाठी जेली, एक प्रॉक्टोस्कोप आणि चांगला टॉर्च असावा. यांचा खर्च पंचकर्माच्या एका द्रोणीपेक्षाही कमी आहे. रुग्णास पाठविताना चिठ्ठीवर "मूळव्याध" असे न लिहिता रक्त किती दिवसांपासून जाते, बोटास काय लागले, यंत्रातून काय दिसले, हिमोग्लोबिन किती आणि आजवर कोणती औषधे दिली, एवढे लिहावे.