व्हॉल्व्हला पर्याय शोधताना

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या परिसरात हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी लोक जमतात. १९४३ साली याच दिवशी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथील जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. त्याच लढ्यात उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तो आवाज थांबला. ट्रान्झिस्टरचा शोध त्यानंतर पाच वर्षांनी लागला. तोवर रेडिओवरून आवाज पाठविणारी आणि ऐकविणारी बहुतेक यंत्रे व्हॉल्व्हवरच चालत.

अनेक व्यापारी घरांत त्या पिढीचा, किंवा त्यानंतरच्या दोन दशकांतला एखादा मर्फी, फिलिप्स वा बुश आजही माळ्यावर आहे. आजोबांच्या गादीशेजारी वाजलेला तो संच पुन्हा बोलता व्हावा, अशी इच्छा नातवंडांना होते आणि पहिलाच प्रश्न उभा राहतो : हा व्हॉल्व्ह आता मिळत नाही, त्याच्या जागी काय बसवावे?

त्याआधी एक प्रश्न विचारावा : व्हॉल्व्ह खरोखरच गेला आहे काय? हीटरची तार अखंड आहे की नाही, हे साध्या मीटरवर कळते. पुष्कळदा दोषी असतो तो कागदी कंडेन्सर. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर गळू लागला, की ग्रिडवर धन विद्युतदाब येतो, व्हॉल्व्हमधून अतोनात प्रवाह वाहतो आणि तो तापून निकामी होतो. कंडेन्सर न बदलता नवा व्हॉल्व्ह बसविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

व्हॉल्व्ह गेलाच असेल, तर प्रथम त्याचे दुसरे नाव शोधावे. एकच माल दोन नावांनी विकला जातो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. युरोपातील ईएल ८४ हाच अमेरिकेतील ६ बीक्यू ५. ईसीएच ८१ म्हणजे ६ एजे ८. ईझेड ८० म्हणजे ६ व्ही ४. युरोपीय नावातील पहिले अक्षर हीटरची जात सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअर, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरील १.४ व्होल्ट. त्यापुढील अक्षरे काम सांगतात : ‘एल’ आउटपुटचा, ‘झेड’ पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरचा. एवढी बाराखडी ठाऊक असली, तरी फसवणूक बरीच टळते.

दुसरे नावही मिळाले नाही, तर जवळचा नातलग पाहावा. मात्र येथे सावधगिरी हवी. ईएल ४१ च्या जागी ईएल ८४ बसविता येतो. दोन्हींचा हीटर ६.३ व्होल्टचाच आहे. परंतु पहिल्यास आठ पिना आणि दुसऱ्यास नऊ, शिवाय ईएल ८४ अधिक प्रवाह ओढतो. म्हणून मधला जोडतुकडा आणि कॅथोडला वाढीव रेझिस्टन्स, दोन्ही लागतात. हे न केल्यास जुन्या ट्रान्सफॉर्मरवर भार पडतो, आणि व्हॉल्व्हपेक्षा तो मिळणे अधिक कठीण.

‘यू’ मालिकेच्या संचांत सारे हीटर एका माळेत असतात. यूसीएच ८१ चे १९, यूएफ ८९ चे १२.६, यूबीसी ८१ चे १४, यूएल ८४ चे ४५ आणि यूवाय ८५ चे ३८ व्होल्ट मिळून १२८.६ होतात, उरलेला दाब रेझिस्टन्स झेलतो. या माळेत ‘ई’ जातीचा ईसीएच ८१ घातला, तर ३०० मिलिअँपिअर मागणाऱ्या त्याच्या हीटरला तिसरा हिस्साच मिळतो. तो तापत नाही आणि संच मुका राहतो. अशा संचांच्या सांगाड्यावर थेट मुख्य वीज येऊ शकते. जाणकार जवळ नसेल, तर पेटी उघडूही नये.

वीज न पोहोचलेल्या गावांसाठी असत ते बॅटरीचे संच. त्यांतील डीएफ ९१ ऐवजी पुढचा डीएफ ९६ चालतो आणि निम्म्या फिलामेंट प्रवाहात काम करतो. मात्र फिलामेंट समांतर जोडलेली असतील तरच. माळेत असतील तर नव्याचे नाजूक फिलामेंट जळते. नव्वद व्होल्टची जोडणी चुकून फिलामेंटला लागली, तर सारे व्हॉल्व्ह क्षणात जातात.

रेक्टिफायरच्या जागी १ एन ४००७ सारखे सिलिकॉन डायोड बसविण्याची सूचना अनेक जण करतात. ते चालतात, पण व्हॉल्व्हमध्ये खर्च होणारा दाब आता वाचतो आणि इतर व्हॉल्व्ह तापण्याआधीच पूर्ण दाब चढतो. जुने कंडेन्सर तो सोसत नाहीत. म्हणून योग्य रेझिस्टन्स जोडूनच हा उपाय करावा.

व्हॉल्व्हचा शोध मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि चोरबाजारात घ्यावा. त्याहून अधिक तो आपल्याच तालुक्यातील जुन्या रेडिओ कारागिराच्या कपाटात घ्यावा. तपासून दाखविल्यावाचून पैसे देऊ नयेत. जुना सॉकेट कापू नये, जोडतुकडा वापरावा. काय बदलले, केव्हा बदलले आणि मूळ व्हॉल्व्ह कोणता होता, याची चिठ्ठी पेटीत आतून चिकटवावी. कोणी ‘आतले सारे काढून नवे सर्किट बसवू’ म्हणेल. त्यास नकार द्यावा. एकदा मूळ कॉइल भंगारात गेली, की उरतो तो लाकडी डबा.

वडिलोपार्जित खातेवही आपण नवी पाने घालून बदलीत नाही. जुन्या नोंदी तशाच ठेवून पुढची नोंद स्वच्छ अक्षरात करतो. आजोबांच्या रेडिओलाही तोच न्याय लावावा.