प्वाटिए यांची शालीनता: आक्षेप आणि उत्तर
हॉलिवूडचे अभिनेते सिडनी प्वाटिए (१९२७–२०२२) यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत धारदार आक्षेप त्यांच्याच कृष्णवर्णीय समाजातील लेखकांनी घेतला. क्लिफर्ड मेसन यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून असे मांडले की, प्वाटिए यांचा नायक सोशिक, निष्कलंक आणि कामभावनेपासून दूर ठेवलेला असतो, गोऱ्यांच्या अडचणी निवारण्यापलीकडे त्याला स्वतःचे आयुष्यच नसते आणि म्हणूनच गोऱ्या प्रेक्षकांना तो इतका आवडतो. हा पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचे खंडन करावयाचे ते प्रतिपक्षाचे म्हणणे, निराधार नाही. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ या ज्या चित्रपटाने १९६४ मध्ये त्यांना प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते ठरले, त्यात ते जोगिणींसाठी विनामोबदला प्रार्थनामंदिर बांधून देतात; ‘द डिफायंट वन्स’मध्ये तर गोऱ्या सोबत्यासाठी धावत्या गाडीतून उडी टाकून हाती आलेली सुटका घालवतात.

मात्र या निरीक्षणावरून अभिनेत्याची लाचारी सिद्ध करणे म्हणजे कर्त्याची गल्लत करणे होय. हॉलिवूडच्या निर्मितिसंहितेने, म्हणजे चित्रपटसृष्टीने स्वतःवर लादून घेतलेल्या नीतिनियमांनी, काळ्या-गोऱ्यांमधील शरीरसंबंध दाखवण्यास १९५६ पर्यंत बंदी घातली होती. अनेक राज्यांतील आंतरवर्णीय विवाहावरची बंदी तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये, लव्हिंग खटल्यात, रद्द ठरवली. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये नायक-नायिकेचे चुंबन टॅक्सीच्या आरशात, तेही ओझरते, दिसते. ही भित्री योजना निर्मात्यांची होती; तिचे माप नायकाच्या पदरात घालणे न्याय्य नव्हे.

शिवाय प्वाटिए यांनी काय नाकारले, याचा हिशेब आक्षेपकांनी केलेला दिसत नाही. बहामाच्या कॅट बेटावरील टोमॅटो पिकवणाऱ्या कुटुंबातला, न्यूयॉर्कमध्ये भांडी घासून पोट भरणारा आणि उच्चारांमुळे पहिल्याच चाचणीत परत पाठवला गेलेला हा तरुण पुढे पैशांची निकड असतानाही, मुलीची हत्या झाल्यावर गप्प बसणाऱ्या बापाची भूमिका नाकारतो आणि पत्नीच्या बाळंतपणाच्या खर्चासाठी घरातील सामान गहाण टाकतो, ही गोष्ट सोशिकपणाच्या व्याख्येत बसत नाही. ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये (१९६७) गोरा मळेमालक थोबाडीत मारताच गुप्तहेर टिब्स क्षणार्धात त्याच्या थोबाडीत परत मारतो. ही कल्पना मुळात पटकथेतील की प्वाटिए यांच्या आग्रहाची, याविषयी मतभेद आहेत, परंतु तो हात त्यांच्याखेरीज त्या वेळी दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीय ताऱ्याला उचलू दिला गेला असता असे मानण्यास आधार नाही. पडद्याबाहेरही, १९६४ मध्ये गायक-अभिनेते हॅरी बेलाफोंटे यांच्यासह ते मतदारनोंदणीच्या चळवळीसाठी रोख रक्कम घेऊन मिसिसिपीतील ग्रीनवुडला गेले, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या माणसांनी त्यांचा पाठलाग केला होता.

त्यांची शालीनता हे बंद बाजारपेठेत पाय रोवण्याचे साधन होते, आणि याचा पुरावा दिग्दर्शनाची सूत्रे त्यांच्या हाती आल्यानंतर मिळतो. यादवी युद्धानंतर पश्चिमेकडे निघालेल्या मुक्त गुलामांवरील ‘बक अँड द प्रीचर’ (१९७२) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्यातील नायक गोऱ्या धाडखोरांना गोळ्या घालतो, बँक लुटतो आणि त्याला रुबी डी यांनी साकारलेली पत्नीही आहे.